विशेषनामे, व्यापारचिन्हे आणि इंग्रजीतील ‘द’

विशेषनामापूर्वी उपपद लावू नये, हा नियम आपल्या शाळांतून मुलांस फार लवकर पाठ करविला जातो. नियम सुटसुटीत आहे. तो ध्यानात राहतो आणि उत्तरपत्रिका तपासण्यास सोयीचा पडतो. परंतु गोदावरी हे विशेषनाम नव्हे काय? अरबी समुद्र, डेक्कन क्वीन, टाइम्स ऑफ इंडिया ही विशेषनामेच ना? या सर्वांपूर्वी इंग्रजीत ‘द’ येतो, आणि तो गाळला तर इंग्रजी जाणणाऱ्याच्या कानास वाक्य लंगडे वाटते.

मागे एका शाळेच्या तपासणीत सातवीतील एका मुलीची निबंधवही पाहण्यात आली. ‘वुइ लिव्ह नियर द वैतरणा’ असे तिने लिहिले होते, आणि शिक्षकांनी त्यातील ‘द’ तांबड्या शाईने खोडून समासात ‘विशेषनाम’ असा शेरा मारला होता. मुलीचे वाक्य निर्दोष होते. पुढील पाने चाळली तेव्हा अधिक वाईट गोष्ट दृष्टीस पडली. तिने तेथून पुढे ‘द’ हा शब्दच टाकून दिला होता. सूर्य, आकाश, शाळेची घंटा, कशालाच ‘द’ नाही. एका तांबड्या रेघेने कित्येक महिन्यांचे शिकलेले पुसले गेले होते.

मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीपासूनच सुरू झाला. तो शिकविणाऱ्या पुष्कळ शिक्षक बंधुभगिनींचे स्वतःचे इंग्रजी मात्र पाचवीत सुरू झालेले आहे, आणि तेही याच नियमाच्या आधारे. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने घेतला आहे.

उदाहरणांसाठी अंधेरी हे ठिकाण निवडले आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यास जिल्हा परिषद नाही. तेथील प्राथमिक शाळा महानगरपालिकेकडे आहेत. तरीही पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील आपल्या गावांतून शिकून निघालेली कितीतरी मुलेमुली नोकरीच्या शोधात अखेर अंधेरीस उतरतात. डोंगर, लेणी, तलाव, नदी, हमरस्ता, कारखाने, सरकारी महामंडळे, मोठी हॉटेले आणि घरोघरी पोहोचलेल्या मालाची नावे, हे सर्व तेथे चार-पाच मैलांच्या टापूत सापडते. इंग्रजी वाक्ये येथे नागरी लिपीत दिली आहेत; फळ्यावर ती रोमन लिपीतच लिहावीत. स्वरापूर्वी या उपपदाचा उच्चार ‘दि’ असा होतो, हेही मुलांच्या कानांवर पडू द्यावे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत उपपद नाही, परंतु उपपदाने जो अर्थ सांगावयाचा तो मराठी माणसास अपरिचित नाही. ‘पाटील गडी शोधतो आहे’ आणि ‘पाटील गड्याला शोधतो आहे’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिल्या वाक्यात कोणीही गडी चालेल. दुसऱ्यात पाटलाचा ठरलेला गडी हरवला आहे. आपण जे ‘ला’ या प्रत्ययाने किंवा ‘तो, ती, ते’ या दर्शकांनी सुचवितो, ते इंग्रजी ‘द’ने सांगते: ऐकणाऱ्यास ठाऊक असलेला, तोच तो. हे एकदा मुलांच्या मनात बसले की मग प्रश्न उरतो तो असा. नावाने तर वस्तू आधीच ठरलेली असते. मग नावापूर्वी ‘द’ कशासाठी?

उत्तर नावांच्या घडणीत आहे. काही नावे केवळ खूण असतात. ‘अंधेरी’ या शब्दाने त्या गावाचे वर्णन काहीच होत नाही. तो ते गाव दाखवितो आणि थांबतो. अशा नावास ‘द’ची गरज नाही. काही नावे मुळात वर्णने असतात. ‘वेस्टर्न रेल्वे’ म्हणजे पश्चिमेकडील रेल्वे. शब्द दोन्ही साधे, कोणत्याही पश्चिमेकडील रेल्वेस लागू पडणारे. त्यांतून एकच रेल्वे दाखवावयाची असेल तर इंग्रजीस ‘द’ जोडावा लागतो: ‘द वेस्टर्न रेल्वे’. ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाली. त्यापूर्वी अंधेरीवरून धावणारी रेल्वे ‘द बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ होती. नाव लांबलचक आणि वर्णनपर, म्हणून तिलाही ‘द’ होता. नाव खूण म्हणून उभे आहे की वर्णन म्हणून, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली तर पुष्कळ अडचणी सुटतात.

आता अंधेरीतील नावे पाहा. पश्चिमेस गिल्बर्ट हिल ही सुमारे दोनशे फूट उंचीची काळ्या बेसॉल्टची कडा आहे. नावात ‘हिल’ हे सामान्यनाम असले तरी ओळख पटविण्याचे काम ‘गिल्बर्ट’ हा शब्द करतो; ‘हिल’ नुसती चिठ्ठी. म्हणून ‘गिल्बर्ट हिल’, ‘द’ नाही. पवई लेक, विहार लेक, अंधेरी स्टेशन, भवन्स कॉलेज, जुहू बीच ही सर्व याच घडणीची: आधी खूण, मागे चिठ्ठी.

पूर्वेस कोंडिविटे येथे बौद्ध लेणी आहेत, त्यांस महाकाली लेणी म्हणतात. लेणी अनेक, म्हणजे समूह. आणि इंग्रजी समूहाभोवती ‘द’चे कुंपण घालते: ‘द महाकाली केव्ह्ज’. याच न्यायाने एकटे कळसूबाई शिखर ‘द’वाचून राहते, पण रांग झाली की ‘द सह्याद्रीज’, ‘द वेस्टर्न घाट्स’. माणसांचेही असेच. जोशी एकटे असतील तर ‘मिस्टर जोशी’. सारे जोशी कुटुंब आले तर ‘द जोशीज’. टाटांचे घराणे ‘द टाटाज’. मुलांस आपापल्या आडनावांवर हा प्रयोग करावयास फार आवडते.

या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव मात्र विचार करण्यासारखे आहे. इंग्रजीत त्यास ‘महाकाली केव्ह्ज रोड’ म्हणतात. लेण्यांस ‘द’ आहे, पण ‘ही लिव्हज ऑन महाकाली केव्ह्ज रोड’ या वाक्यात तो नाही, कारण आता लेण्यांचे नाव केवळ रस्त्याची खूण झाले आहे. नावाचा शेवटचा शब्द कोणता आणि त्यापूर्वीचे शब्द काय काम करतात, हे पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

रस्त्यांचा प्रकार आणखी थोडा मनोरंजक आहे. स्वामी विवेकानंद मार्गाचे जुने नाव घोडबंदर रोड असे होते. जो रस्ता अमक्या गावास जातो त्यास जुन्या इंग्रजीत ‘द’ लावीत: ‘द घोडबंदर रोड’, घोडबंदरास जाणारा तो रस्ता. ते वर्णन होते. पुढे त्यास थोर पुरुषाचे नाव दिले गेले तेव्हा वर्णन संपले, खूण उरली आणि ‘द’ गळला. आजही ‘दि अंधेरी–कुर्ला रोड’ असे वाक्यात लिहिलेले आढळते, कारण दोन टोके सांगणारे ते वर्णनच आहे. ‘जयप्रकाश रोड’ला मात्र कोणी ‘द’ लावीत नाही. ‘द वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे’ या नावातील तिन्ही शब्द वर्णनाचे, तेव्हा तेथे ‘द’ हवाच.

यावर चौकस विद्यार्थी विचारील की, मग गोदावरी ही नुसती खूण असून तिला ‘द’ का? प्रश्न योग्य आहे. येथे एक सामान्यनाम गाळलेले असते. मूळ ‘द रिव्हर गोदावरी’. ‘रिव्हर’ बोलण्यात गळली, तिचा ‘द’ मात्र मागे राहिला. नद्या, समुद्र, जहाजे, ठरावीक नावाच्या आगगाड्या आणि हॉटेले यांचा हाच प्रकार आहे. ‘द डेक्कन क्वीन’ म्हणजे डेक्कन क्वीन नावाची गाडी. ती १ जून १९३० रोजी सुरू झाली. ‘द ताज’ म्हणजे ताज हॉटेल. अंधेरीस सहार येथे ‘द लीला’ हे हॉटेल आहे. लीला हे स्त्रीचे नाव, आणि स्त्रीच्या नावास कधी ‘द’ लागत नाही. तो ‘द’ न लिहिलेल्या हॉटेलचा आहे. मिठी नदी पवई आणि विहार या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन वाहते. फळ्यावर हे वाक्य लिहावे: ‘द मिठी कॅरीज द ओव्हरफ्लो ऑफ विहार लेक अँड पवई लेक’. नदीस ‘द’, तलावांस नाही. आणि मधला ‘ओव्हरफ्लो’ हा साधा सामान्यनामाचा ‘द’. एका वाक्यात तीन धडे होतात.

देशांची नावे बहुतेक खुणा आहेत. ज्यांत ‘युनियन’, ‘स्टेट्स’, ‘रिपब्लिक’ असे शब्द येतात त्यांस ‘द’ लागतो. याविषयी एक घटना सांगण्याजोगी आहे. गँबिया या आफ्रिकी देशाच्या पंतप्रधान कार्यालयाने १९६४ साली, आपल्या देशाचे नाव ‘द गँबिया’ असेच लिहावे अशी विनंती केली. त्याच वर्षी झांबिया स्वतंत्र होत होता आणि दोन नावांत घोटाळा होण्याचे भय होते. उलट, युक्रेन १९९१ साली स्वतंत्र झाल्यावर तेथील लोकांस पूर्वीचे ‘द युक्रेन’ हे रूप नकोसे झाले, कारण त्यात देशापेक्षा प्रांताचा वास येतो. जुन्या इंग्रजीतील ‘द पंजाब’ आज ‘पंजाब’ झाला आहे. ‘द डेक्कन’ आणि ‘द कोकण’ मात्र प्रदेश म्हणून अद्याप टिकून आहेत. एवढ्याशा शब्दासाठी राष्ट्रे पत्रव्यवहार करतात, हे मुलांस सांगितले तर त्यांचे कान टवकारतात असा अनुभव आहे.

संस्थांच्या आद्याक्षरांकडे वळू. अंधेरी पूर्वेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे, आणि तिच्या लगतच निर्यात मालाच्या कारखान्यांचा विभाग आहे. महामंडळ १९६२ सालचे. त्याची इंग्रजी आद्याक्षरे आपण एकेक उच्चारतो, एम-आय-डी-सी. निर्यात विभाग १९७३ सालचा. त्याची आद्याक्षरे जोडून एक शब्द झाला, सीप्झ. इंग्रजीत पहिल्यास ‘दि एमआयडीसी’ म्हणतात, दुसऱ्यास नुसते ‘सीप्झ’. सुटी अक्षरे वाचली की मागचे ‘कॉर्पोरेशन’ मनात जागे असते आणि ‘द’ मागते. अक्षरांचा शब्द बनला की तो खूण होतो आणि ‘द’ सोडतो. युनेस्को आणि इस्रो यांस ‘द’ नाही. ‘दि आरबीआय’ आणि ‘द बीएमसी’ यांस आहे. पूर्ण नाव लिहिले तर दोन्हींकडे ‘द’ हवा: ‘द सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’. व्यापारी कंपन्या मात्र या नियमास जुमानीत नाहीत. टीसीएस, एचएमटी यांची अक्षरे सुटी वाचली तरी ‘द’ लागत नाही, कारण ती अक्षरे आता मार्क्यासारखी झाली आहेत. तेव्हा आपली माजी विद्यार्थिनी ‘आय वर्क इन सीप्झ’ असे अर्जात लिहील तर ते शुद्ध आहे. कोणी शहाणा तेथे ‘द’ घालावयास सांगेल तर तिने ऐकू नये.

आपल्या शाळेचे नाव लिहिण्याचा प्रसंग तर रोजचा आहे. ‘जिल्हा परिषद प्रायमरी स्कूल’ असे पाटीवरील नाव वाक्यात आले तर त्यापूर्वी ‘द’ नको: ‘आय टीच अॅट जिल्हा परिषद प्रायमरी स्कूल’, पुढे गावाचे नाव. परंतु ‘आमच्या गावातील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा’ असे सांगावयाचे असेल तर ते वर्णन झाले आणि ‘द’ आला: ‘द जिल्हा परिषद स्कूल इन अवर व्हिलेज’. पत्राच्या मायन्यावर ‘द हेडमास्टर’ लिहितात, कारण ते पदाचे वर्णन आहे. त्याच जागी व्यक्तीचे नाव लिहिले तर ‘द’ गेला. दोन्ही एकदम, म्हणजे ‘द श्री. अमुक’, असे लिहिलेलेही टपालात आढळते. ते टाळावे.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत मालकाची इच्छा चालते. ‘द टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘द हिंदू’ यांनी ‘द’ आपल्या नावातच घेतला आहे. म्हणून वाक्याच्या मध्येही त्याचे आद्याक्षर मोठे लिहितात. मुंबईत १८३८ साली ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून निघालेल्या पत्राने १८६१ साली आजचे नाव घेतले. ‘हिंदुस्तान टाइम्स’ने मथळ्यावर ‘द’ ठेवलेला नाही. ‘केसरी’, ‘लोकसत्ता’ या मराठी नावांपूर्वी इंग्रजी वाक्यातही ‘द’ लावू नये. ‘आय रेड इट इन केसरी’ एवढे पुरे.

कंपन्यांच्या नावांत एक जुनी रीत दिसते. पूर्वी नाव म्हणजे धंद्याचे वर्णन असे, आणि प्रारंभी ‘द’ असे. ‘द टाटा आयर्न अँड स्टील कंपनी लिमिटेड’ हे १९०७ सालचे नाव. २००५ साली ते ‘टाटा स्टील’ झाले आणि ‘द’ गळून पडला. अंधेरीस वीज पुरविणाऱ्या कंपनीचीही तीच गोष्ट. १९२९ साली ती ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ या वर्णनपर नावाने निघाली; पुढे मालकी बदलत २०१८ पासून ती ‘अदानी इलेक्ट्रिसिटी’ म्हणून ओळखली जाते. घराण्याचे नाव पुढे आले की ते खुणेचे काम करते.

आपल्या सहकारी संस्थांच्या मराठी पाट्यांवरचा ‘दि’ याच काळातला पाहुणा आहे. ‘दि अमुक तालुका प्राथमिक शिक्षक सहकारी पतपेढी’ या नावातील ‘दि’ला मराठीत काहीच काम नाही. तो इंग्रजी नोंदणीतून आला आणि राहिला. तथापि नोंदलेले नाव तेच असल्याने धनादेशावरून तो खोडू नये, नाहीतर कारकुनाशी वाद घालावा लागेल.

आता व्यापारचिन्हे, म्हणजे आपल्या बोलण्यातला मार्का किंवा छाप. हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि खेड्यातील मुलास इंग्रजी शब्द प्रथम भेटतात ते बहुधा याच रूपाने. पुस्तक हाती येण्यापूर्वी त्याने बिस्किटाच्या पुड्यावरील अक्षरे पाहिलेली असतात.

अंधेरीच्या शेजारी विलेपार्ले येथे १९२९ साली एक कारखाना निघाला आणि त्याने गावाचे नाव मालास दिले: पारले. तो कारखाना २०१६ साली बंद झाला, नाव देशभर राहिले. हे गावाचे नाव मार्का कसे होते, ते पाहावे. ‘पारले मेक्स बिस्किट्स’ या वाक्यात पारले ही कंपनीची खूण आहे, ‘द’ नाही. ‘आय लाइक पारले-जी’ या वाक्यात ते मालाचे नाव आहे. तेथेही ‘द’ नाही, कारण दूध, साखर यांप्रमाणे आपण सर्वसाधारण पदार्थाविषयी बोलत आहोत. परंतु ‘गिव्ह मी द पारले-जी ऑन द शेल्फ’, फळीवरचा तो पुडा द्या, येथे ‘द’ आला. तो पारलेचा नव्हे. न उच्चारलेल्या ‘पुडा’ या शब्दाचा आहे. ‘द पारले-जी पॅकेट’ असे पूर्ण लिहिले की हे स्पष्ट दिसते. मार्क्यापुढे नेहमी सामान्यनाम ठेवून पाहावे. ‘द’ शोभला तर तो त्या सामान्यनामाचा, मार्क्याचा नव्हे. तज्ज्ञ म्हणतात की व्यापारचिन्ह हे व्याकरणात विशेषणासारखे वापरावे, ते याच कारणासाठी.

हा नियम मालकास का महत्त्वाचा वाटतो? कारण मार्का लोकांच्या तोंडी सामान्यनाम झाला तर मालकाचा त्यावरील हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत ‘ॲस्पिरिन’ हे बायर कंपनीचे चिन्ह होते. १९२१ साली न्यायालयाने ठरविले की गिऱ्हाइकांच्या दृष्टीने तो औषधाचाच शब्द झाला आहे. ‘एस्कलेटर’ हे ओटिस कंपनीचे नाव १९५० साली असेच गेले. ‘थर्मॉस’चा निकाल १९६३ साली लागला आणि तो व्याकरणाच्या शिक्षकास फार उपयोगी आहे. लहान आद्याक्षराचा थर्मॉस हा शब्द सर्वांचा झाला. मोठ्या आद्याक्षराचे नाव मात्र मूळ कंपनीकडे राहिले. सामान्यनाम आणि विशेषनाम यांतील भेद न्यायालयाने एका अक्षराच्या आकारात सांगितला.

आपल्याकडे हे रोज घडते, आणि मराठीत उपपद नसल्याने ते वेगळ्याच खुणेने ओळखता येते. मार्का सामान्यनाम झाला की मराठी त्यास लिंग आणि वचन देते. ‘झेरॉक्स काढली’ असे म्हणताना आपण कंपनीचे नाव स्त्रीलिंगी करून टाकतो, आणि यंत्र कोणाचे का असेना, निघते ती झेरॉक्सच. ‘तळ्यावर दोन जेसीबी आले’, यातील जेसीबी हे मुळात जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे. आता कोणत्याही कंपनीचे खोदकाम यंत्र म्हणजे जेसीबी. बाटलीबंद पाणी म्हणजे बिसलेरी. त्या कंपनीचे कार्यालय अंधेरीतच आहे. नाव मात्र फेलिचे बिसलेरी या इटालियन गृहस्थाचे. १९३७ साली बाजारात आलेला ‘डालडा’ तर दोन पिढ्यांनी वनस्पती तुपाचाच अर्थ समजून वापरला. आपण ज्याला लिंग दिले, इंग्रज त्याला उपपद देतो: ‘ए जेसीबी’, ‘द झेरॉक्स’. बोलण्यात हे चालते. परीक्षेच्या व कचेरीच्या लेखनात मात्र ‘ए फोटोकॉपी’ लिहावयास शिकवावे. स्वतः झेरॉक्स कंपनीनेही आपले नाव असे न वापरण्याविषयी जाहिराती दिल्या होत्या.

व्यक्तिनामांतही हीच क्रिया चालते, आणि त्याचे उदाहरण आपण सर्वांनी पाठ केलेले आहे: ‘कालिदास इज द शेक्सपिअर ऑफ इंडिया’. येथे शेक्सपिअर हा माणूस उरलेला नाही, श्रेष्ठ नाटककार असा त्याचा अर्थ झाला आहे, म्हणून ‘द’. कालिदासास नाही, कारण तो स्वतःच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य अपवाद म्हणून येते. माझ्या मते ते अपवाद नसून मुख्य नियमाचाच नमुना आहे, आणि त्याच्या शेजारी जेसीबीचे वाक्य लिहिले तर मुलांस दोन्ही एकदम कळतील.

‘द’ हा एकमेवतेचा दिमाख मिरविण्यासाठीही वापरतात, विशेषतः जाहिरातींत. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाने तर २०२२ साली कपड्यांसाठी ‘द’ या एका शब्दाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली. याचा अर्थ तो शब्द आता इतरांस बंद झाला असा नव्हे. कपड्यांवर छाप म्हणून तो लावण्यापुरताच हा हक्क आहे. मुले हे ऐकून हसतात, आणि हसताना शिकतात.

वर्गातील कामाविषयी थोडे. चौथीपर्यंत या विषयाचा नियम म्हणून उच्चारही करू नये. ‘द मिठी’, ‘पवई लेक’, ‘द महाकाली केव्ह्ज’ ही रूपे तोंडी वाक्यांतून, जोडीने, पुनःपुन्हा कानांवर घालावीत. आपल्या तालुक्यात याच धर्तीची नावे मिळतील: एक नदी, एक तलाव, एक डोंगर, एक रांग, एक रस्ता. नियम सांगावयाचा तो सहावी-सातवीत, आणि तेव्हाही उदाहरणांमागून. ज्या नावांत खुद्द इंग्रजी लेखकांत एकमत नाही, तेथे गुण कापू नयेत. अंधेरीच्या गोखले पुलास एकच वर्तमानपत्र कधी ‘द’ लावते, कधी लावीत नाही. विमानतळाच्या लांब नावाचेही तसेच. विद्यार्थ्याने एका निबंधात दोन्ही रूपे मिसळली असतील तर तेवढे दाखवून द्यावे. रेल्वेसारख्या संस्था आपल्या सूचनांत स्वतःच्या नावापूर्वी ‘द’ घालीत नाहीत. ते कचेरीचे इंग्रजी आहे. निबंधात ‘द’ असावा.

सातवीसाठी एक पाठ असा घ्यावा. मुलांनी घरातील रिकामी वेष्टने आणावीत: बिस्किटे, साबण, चहा, आगपेटी. प्रत्येकाने आपल्या वेष्टनावरील मार्का कोणता आणि वस्तूचे सामान्यनाम कोणते, ते वेगळे करून दोन रकान्यांत लिहावे. येथेच बरीच मुले अडखळतात, कारण कित्येकांच्या घरी मार्का हेच वस्तूचे नाव असते. मग एका मुलास दुकानदार करावे आणि टेबलावर दोन सारखे पुडे ठेवावेत. गिऱ्हाईक झालेल्या मुलाने प्रथम नुसता माल मागावा, ‘द’वाचून. दुकानदार विचारील, कोणता? तेव्हा गिऱ्हाइकाने बोट दाखवून ‘द स्मॉल पॅकेट’ म्हणावे. पुडा हाती पडेल तो या दुसऱ्या वाक्यावर. मोठ्या पटाच्या वर्गात हे चार-चार मुलांच्या गटांत करता येते, आणि एका तासिकेत सर्वांची पाळी येते. वेष्टने नंतर भिंतीवर चिकटवून त्यांखाली मुलांचीच वाक्ये लिहावीत. पावसाळ्यात भिंतीस ओल असेल तर दोरीवर टांगावीत.